पंचेचाळीस हजार दिवाळी अंक

बंगळुरूत आमच्या भागात दिवाळी अंक कोपऱ्यावर मिळत नाहीत. पुण्यात होते तेव्हा स्टॉलवर उभ्याउभ्या चाळायचे आणि आवडले ते दोन-तीन उचलायचे. इथे ऑनलाइन मागवायचे तर एकट्या अंकाचा टपालखर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून 2024 च्या सप्टेंबरात आमच्या ओळखीतल्या एकोणीस मराठी घरांनी ठरवलं, एकत्र मागवू. विक्रेता जास्त प्रतींवर सूट देत होता. "तू अकाउंट्समधली, तूच बघ," म्हणून बाकीचे मोकळे झाले.

मी गूगल शीट केलं. उभ्या बाजूला अंकांची नावं, आडव्या बाजूला माणसं, मधल्या चौकटीत किती प्रती हव्यात तो आकडा. दिसायला झकास. लिंक सगळ्यांना दिली आणि स्वयंपाकाला लागले. रात्री उघडून बघते तर एकूण प्रती 45,385!

एका काकांनी 'मौज'समोर '1-2' लिहिलं होतं. एक स्वतःला, जमलं तर दुसरा सांगलीच्या बहिणीला. शीटने ती 1 फेब्रुवारी ही तारीख समजली. तारीख आत एका आकड्याच्या रूपात साठवलेली असते, 1899 च्या डिसेंबरअखेरीपासून मोजलेले दिवस. म्हणजे काकांनी 45,323 'मौज' मागवले होते. उलट एका वहिनींनी '2 प्रती' असं नीट लिहिलं, तर बेरजेने त्यांना धरलंच नाही, कारण आकड्यापुढे शब्द आला की तो मजकूर होतो. असा मजकूर ओळखायची खूण एकच. आकडा चौकटीत उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. तेव्हापासून मी बेरजेआधी रकाना नुसता वरून खालपर्यंत नजरेखालून घालते. कोणी डावीकडे सरकलंय का, एवढंच बघायचं.

मागणी गेली, पैसे गेले, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. दिवाळी अंक काही एकाच दिवशी निघत नाहीत. कोणता वसुबारसेच्या आधी, कोणता भाऊबीज उलटल्यावर. खोकी चार हप्त्यांत आली. माझ्या सुंदर तक्त्यात एका चौकटीत '2' होते. त्यातला एक आला, एक यायचा होता, हे लिहू कुठे? मी चौकटी रंगवायला लागले. पिवळा म्हणजे आला, हिरवा म्हणजे दिला, फिका हिरवा म्हणजे शेजाऱ्यांकडे ठेवला. आठवड्याभरात रंगांचा अर्थ मलाच आठवेना.

2025 ला तक्ता मोडला. एक प्रत, एक ओळ. कोणाला तीन हव्यात तर तीन ओळी. 87 ओळी झाल्या, पण प्रत्येकीला आपली अवस्था: मागवली, निघाली, आली, दिली. शेजारी पार्सलचा क्रमांक आणि पैसे आल्याची तारीख. अंकाचं नाव कोणी हाताने लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. कारण आदल्या वर्षी 'दीपावली' आणि 'दिपावली' असे दोन अंक झाले होते, आणि 'हंस'ची मोजणी एकाने कमी भरत होती. फोनचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर एक रिकामी जागा सोडतो. ती डोळ्याला दिसत नाही, सूत्राला दिसते.

टपालखर्चावरून मात्र थोडी कुरबुर झाली. मी तो प्रतींवर सारखा वाटला होता. एका घराने मुलीसाठी फक्त 'किशोर' घेतलेला. बालभारतीचा अंक, किंमत बेताची, आणि त्यावर जाडजूड अंकाइतकाच खर्च! त्या बाईंनी पैसे भरले, पण "बरंय हं" म्हणाल्या, आणि त्या 'हं'मध्ये सगळं आलं. खरं तर वजनावर वाटायला हवा. पण प्रत्येक अंक तराजूवर कोण ठेवणार? मग किमतीच्या प्रमाणात वाटला. अगदी न्याय्य नाही, पण निदान कोणी 'हं' म्हणालं नाही.

एका अंकात सोळा पानांचा फर्मा दोनदा आला आणि पुढचा गायब. कथा ऐन रंगात आली असताना पुन्हा पहिल्या पानावर! विक्रेत्याने फोटो मागितला, मग दुसरा फोटो, मग पार्सलच्या वेष्टनाचा फोटो, जे मी केव्हाच कचऱ्यात टाकलेलं. मागणी क्रमांक, तारीख, पार्सल क्रमांक, तिन्ही त्या ओळीत होते, तेवढ्यावर निभावलं. बदली प्रत तुळशीच्या लग्नानंतर आली. आता खोकं उघडायच्या आधीच फोटो काढते, आणि आतला प्रत्येक अंक एकदा भराभर उलटून बघते. 87 अंकांना एक अख्खी संध्याकाळ गेली. यजमान म्हणाले, एवढ्यात तू दोन वाचून काढले असतेस.

86 ओळींवर 'दिली' आहे. उरलेली एक प्रत एका काकूंची. त्या मधेच मुलाकडे म्हैसूरला गेल्या, फोन केला की म्हणतात, "राहू दे गं तुझ्याकडे, येईन तेव्हा नेईन." तो अंक माझ्या कपाटात आहे. कोपरे न दुमडता वाचतेय, 140 पानं झालीत.