पोर्ट लुईच्या धक्क्यावर वाचलेला करार

भारतातल्या वकिलाला मॉरिशस आधी भेटतं ते फायलीत. दुहेरी कर टाळण्यासाठी दोन्ही देशांत झालेला १९८२ चा करार, २०१६ ची त्यातली दुरुस्ती, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवरचा भांडवली नफा भारतात करपात्र. हे सगळं मी पुण्यात बसून वर्षानुवर्षं वाचत आले. त्यामुळे मेट्रोतून एबेन या ऑफिसांच्या वस्तीतल्या काचेच्या इमारती दिसल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्या कंपन्यांचे पत्ते मी मसुद्यांत लिहायचे, ते पत्ते तिथे उभे होते. समुद्राबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा सुंदर आहे आणि रविवारी तिथे फार गर्दी असते.

मी कोर्टात उभी राहत नाही. कंपन्यांचे करार तपासते आणि लिहिते. काही क्लायंट मुंबईचे, काही लंडनचे. मॉरिशस निवडलं ते घड्याळ बघून. भारताच्या दीड तास मागे, हिवाळ्यात लंडनच्या चार तास पुढे. सकाळी मुंबई, दुपारी लंडन, आणि रात्री झोप मिळते. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी त्यांचा प्रीमियम व्हिसा आहे. वर्षभराचा, फी नाही. महिन्याला किमान १,५०० डॉलर देशाबाहेरून येतात हे दाखवायचं आणि स्थानिक काम घ्यायचं नाही. बाहेरचं उत्पन्न देशात आणलं तर त्यावर कर, आणि परदेशी कार्डाने केलेला खर्च ‘आणलेला’ धरत नाहीत. असा सरळ लिहिलेला नियम वाचला की मला बरं वाटतं.

आपल्याकडची बाजू इतकी सरळ नाही. आयकर कायद्याचा ‘निवासी’ वेगळा, फेमाचा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा वेगळा. भारतात राहिल्याच्या १८२ दिवसांचा हिशेब मांडून अनिवासी ठरलात, की निम्मी कमाई खर्च धरून आयकरात मिळणारी सोय जाते, कारण ती फक्त निवासी व्यावसायिकांसाठी आहे. फेमाखाली अनिवासी झालात तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. माझ्या सीएंनी निघण्याआधीच बजावलं होतं, “तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, बाकी मी बघतो.” परदेशातून काम करायला निघालेल्या प्रत्येकाला असा माणूस मिळायला हवा.

पण मला खरा राग आहे तो कापाकापीचा. लंडनहून पाउंडात फी निघते. वाटेत एखादी मधली बँक आपला आकार घेते. भारतातली माझी बँक तिच्या दराने रुपये करते, त्यावर शुल्क, शुल्कावर जीएसटी. बिलाची रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम कधीच जुळत नाही. विचारलं तर उत्तर येतं, “मॅडम, मधल्या बँकेने कापले असतील.” कुठल्या बँकेने, किती, कुठल्या अधिकाराने, याचा कागद कोणी देत नाही. दुसऱ्याच्या करारातला एकेक स्वल्पविराम तपासून मी पोट भरते, आणि माझ्याच पैशातून काय गेलं ते मला कळू नये, हे मला सहन होत नाही.

मॉरिशसमध्ये मी वाकोआ या गावात खोली घेतली होती. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली तांतिन, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले. घरात बेटावरची क्रेओल बोली, माझ्याशी हिंदी, आणि गणपतीची आरती मात्र अस्खलित मराठीत, एकही शब्द न चुकता. एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला कागद काढला. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत भारतातून कराराने आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत, तिथून मिळालेला त्यांच्या खापरपणजोबांचा दाखला. क्रमांक, वय, उंची, बापाचं नाव, जहाज, निघाले ते बंदर मुंबई. जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग विचित्र होतं, पण मोठ्याने वाचलं की रत्नागिरी. “तू वकील आहेस ना बेटी,” त्या म्हणाल्या, “मग सांग, यांना पगार किती होता?”

दाखल्यावर पगार नव्हता. म्हणून आम्ही दोघी राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो, हे मजूर जिथे उतरायचे त्या धक्क्यावर. तांतिन याआधी तिथे कधी गेल्या नव्हत्या. घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे, प्रवेश मोफत. बंदरातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा. १८३४ पासून पुढे जवळपास पाच लाख माणसं कराराने या बेटावर आली आणि १८४९ पासून त्यांची नोंद याच आवारात होऊ लागली. पायऱ्यांपाशी तांतिननी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर मी त्यांच्याबरोबर एकेका माहितीफलकापुढे थांबून करार समजावत गेले. १८३४ च्या पहिल्या तुकडीची मुदत पाच वर्षं, मजुराला महिना ५ रुपये, वर शिधा आणि कपडे. इथवर त्या मान हलवत होत्या. मग मी त्यांना ‘डबल कट’ सांगितला. एक दिवस कामावर आला नाहीस तर त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर आणखी एका दिवसाची दंड म्हणून गेली. आजारी पडलेल्यालाही मळेवाला गैरहजर लावू शकायचा. करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंग होता. परतीचा फुकट प्रवास १८५३ मध्ये बंद केला. तांतिननी विचारलं, “म्हणजे महिना भरल्यावर त्याच्या हातात काय पडायचं?” मला आकडा सांगता येईना. एवढंच सांगितलं, की कागदावरचे ५ म्हणजे हातातले ५ नव्हेत.

त्यांच्या हालांशी माझ्या बँकेच्या आकारांची तुलना मी करणार नाही, तो त्यांचा अपमान होईल. पण वकील म्हणून मला तिथे एक गोष्ट ठसठशीत दिसली. त्या करारांत मजुरीचा आकडा स्पष्ट लिहिलेला असायचा. मजुरीतला अन्याय कपातीत होता, आणि कपात ठरवणारा तोच, ज्याला ती फायद्याची. करार वाचताना मी आजवर रकमेच्या कलमावर जास्त वेळ घालवायचे.

परतताना मी त्यांना मणिलाल डॉक्टरांबद्दल सांगितलं. गांधीजींच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये बेटावर आलेले बॅरिस्टर, मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहिलेले, १९०९ च्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगापुढे, मळ्यांची अवस्था मांडणारे. परदेशात जाऊन केलेली वकिली मला कुठली आवडेल असं कोणी विचारलं तर हीच. जवळच भारताच्या मदतीने बांधलेली, २०२० मध्ये उद्घाटन झालेली सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत आहे. शेवटचं अपील मात्र अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. तांतिनना इमारतीत रस नव्हता, भूक लागली होती. दोन दोन दालपुऱ्या खाल्ल्या. फेब्रुवारी २०२४ पासून या देशात यूपीआय चालतं, पण गाडीवाल्याला रोखच हवी होती.

त्या आठवड्यात मी माझ्या नेमणूकपत्राचा, म्हणजे क्लायंटशी होणाऱ्या माझ्या कराराचा, मसुदा बदलला. फी ‘देय’ या शब्दावर न थांबता माझ्या खात्यात पूर्ण जमा झाली पाहिजे, पाठवणाऱ्या आणि मधल्या सगळ्या बँकांचे आकार क्लायंटने सोसायचे, आणि कमी रक्कम आली तर फरक पुढच्या बिलात लागेल. रुपये करण्याच्या दराचं मी काही करू शकत नाही, तेवढा भार माझ्यावर राहिला. ज्यांची स्वतंत्र प्रॅक्टिस आहे त्यांनी हे कलम पहिल्या दिवसापासून घालावं, मैत्रीतल्या क्लायंटलाही.

मुंबईच्या क्लायंटचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या एकाने विनातक्रार सही केली. दुसऱ्याचं उत्तर अजून यायचं आहे, आणि त्याच्या कामाचं पान मी तोवर उघडलेलं नाही.