तबेल्यातला डेटा आणि कुठली टेस्ट लावायची ते

एमव्हीएस्सीच्या (पशुवैद्यकातली मास्टर्स) थिसिसला म्हशींमधला सबक्लिनिकल मस्टायटिस (वरून न दिसणारा कासदाह) घेतला तेव्हा वाटलेलं, अवघड काम म्हणजे दूध काढायच्या वेळेला आरेतल्या तबेल्यात पोचणं. ते जमतं हो. खरं डोकं फिरलं ते परळला कॉलेजात परत येऊन एक्सेल उघडल्यावर, कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावायची ते ठरवताना. कुणी म्हणे काय-स्क्वेअर लाव, कुणी म्हणे टी-टेस्ट, एक सिनियर तर म्हणाला सगळं सॉफ्टवेअरमध्ये टाक आणि जिथे पी (संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) कमी येईल तेवढंच ठेव. हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि भयंकर आहे, कारण २० गोष्टी तपासल्या की कशाचाच कशाशी संबंध नसला तरी सरासरी एखादी ०.०५ या नेहमीच्या हद्दीखाली येतेच.

गाईड मॅडमनी टेस्टचं नावच काढू दिलं नाही. पहिला प्रश्न, "तुझ्या शीटमधली एक ओळ म्हणजे काय गं? म्हैस की सड?"

आता सीएमटी म्हणजे दुधावरून मस्टायटिस ओळखायची टेस्ट, तिच्या पॅडलला कपच चार, सडागणिक एक, त्यामुळे रिझल्ट सडागणिक येतात. ५० म्हशी म्हणजे २०० ओळी, आकडा बघून बरं वाटतं. पण एकाच कासेतले चार सड स्वतंत्र कुठे असतात, तीच म्हैस, तेच वेत, तेच दूध काढणारे हात, एक सड बिघडला की शेजारचा बिघडायचा चान्स वाढतो. आणि काय-स्क्वेअर काय, साधी टी-टेस्ट काय, दोन्ही प्रत्येक ओळ वेगळी धरूनच चालतात, मग पी उगाच लहान दिसतो. म्हणून आम्ही म्हशीवर आलो, एक जरी सड पॉझिटिव्ह तर म्हैस पॉझिटिव्ह. (सडावरच राहायचं असेल तर मिक्स्ड मॉडेल किंवा जीईई लागतं, एकाच म्हशीचे सड एकमेकांशी जोडलेले धरणाऱ्या पद्धती.) त्यात रबर मॅटने रोगात फरक पडतो का हा प्रश्न तर अजून बेकार, मॅट अख्ख्या तबेल्याला असते नाहीतर नसते, तिथे म्हशी कितीही मोजा, खरा सॅम्पल साइझ तबेल्यांचाच. तो प्रश्न टेस्टमधून काढलाच, नुसतं वर्णन ठेवलं.

हे ठरल्यावर बाकीचं पटापट झालं. वेत (पहिलं-दुसरं की तिसरं आणि पुढचं) आणि रोग आहे-नाही, दोन्ही गटवारी, म्हणून काय-स्क्वेअर. अपेक्षित आकडा ५ च्या खाली गेला तर फिशर, म्हणजे लहान आकड्यांसाठीची टेस्ट. हा अपेक्षित आकडा म्हणजे ओळीची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज भागिले एकूण, टेबलात दिसणारा आकडा नव्हे, इथे बरेच जण गडबडतात. सोमॅटिक सेल काउंट (दुधातल्या पेशींची संख्या) एका बाजूला प्रचंड लांब शेपूट काढतो, हजारांपासून लाखांपर्यंत, म्हणून लॉग घेऊन टी-टेस्ट, नाहीतर मान-व्हिटनी, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांचा क्रम बघणारी टेस्ट. सीएमटीचा स्कोअर (ट्रेस, १, २, ३) हा नुसता क्रम आहे, त्याची सरासरी काढून टी-टेस्ट लावलेली बघितली की मला आता चिडचिड होते. दोन गट असतील तर मान-व्हिटनी, जास्त असतील तर क्रुस्कल-वॉलिस.

सगळ्यात आवडली ती मॅकनेमार, १९४७ सालची. त्याच म्हशी, टीट डिप (दूध काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं) सुरू करायच्या आधी आणि नंतर. जोडीचा डेटा, म्हणून साधा काय-स्क्वेअर नाही चालत. यात ज्या म्हशी होत्या तशाच राहिल्या त्या हिशोबातच येत नाहीत, फक्त बदललेल्या मोजायच्या. समजा १२ म्हशी पॉझिटिव्हच्या निगेटिव्ह झाल्या आणि ३ उलट्या गेल्या, तर फरक ९, त्याचा वर्ग ८१, भागिले १५, म्हणजे ५.४. पी ०.०५ ची हद्द इथे ३.८४ ला येते, म्हणजे बदल नुसता योगायोग म्हणता येत नाही. बदललेल्या म्हशी अजून कमी असतील तर एक्झॅक्टवाली वापरायची, आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळं होतं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं इथेच धरलं, "हा बदल डिपमुळेच कशावरून? मधे पावसाळा संपला, चिखल गेला, त्याचं काय?" कंट्रोल ग्रुप नव्हताच, तबेल्याचे मालक अर्ध्या म्हशी डिपशिवाय ठेवायला तयार नव्हते. मी म्हटलं, सर, बदल झाला एवढंच टेस्ट सांगते, कशामुळे ते नाही, म्हणून निष्कर्षात 'डिपमुळे' असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यांनी पानं उलटून खरंच शोधलं, आणि मग पुढचा प्रश्न सॅम्पल साठवण्यावर विचारला.