कुलाब्याहून कुलाब्याला: अलिबागची चुंबकीय वेधशाळा

माझं आजोळ चौलचं, त्यामुळे अलिबाग म्हणजे माझ्यासाठी लहानपणापासून एसटी बदलायचं गाव. किनाऱ्याकडे जाताना एक झाडीतलं जुनं कंपाऊंड लागायचं, आत बैठ्या इमारती, आणि मामा दरवेळी एवढंच सांगायचा की ही वेधशाळा. वेधशाळा म्हटल्यावर मला वाटायचं आत मोठी दुर्बीण असेल. ती नाहीच आहे, तिथे आकाशापेक्षा पृथ्वीकडे जास्त लक्ष असतं, हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली.

यावेळी आधी मेल करून रीतसर परवानगी काढली आणि सकाळच्या लाँचने निघाले. गेटवे ते मांडवा तासभर, पुढे तिकिटातच असलेली बस. मामा स्टँडवर स्कूटर घेऊन हजर. "अगं, त्या वेधशाळेत बघायला काय आहे? किल्ल्यावर जाऊ, ओहोटी आहे आत्ता." पण आला माझ्याबरोबर.

आत जाताना सगळ्यात आधी मोबाईल, घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या, मामाचा बेल्टसुद्धा. कारण आतली उपकरणं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले इतके बारीक बदल टिपतात की खिशातलं लोखंडसुद्धा त्यात डोकावतं. इमारतच तशी बांधलीय. लोखंड नाही, दगड पोरबंदरचा, तोही चुंबकीय नाही ना हे तपासून निवडलेला, बाकी लाकूड, तांबं, पितळ. आपल्याकडचा काळा दगड का नाही चालला, असं मामाने विचारलं. तर बेसॉल्टमध्ये लोहाची खनिजं असतात, तो स्वतःच चुंबकासारखा वागतो. सह्याद्री सगळा ज्याचा बनलाय तोच दगड इथे बाद, हे ऐकून मामा एकदम सरसावून बसला.

जुन्या पद्धतीचं उपकरण कसं चालायचं ते तिथल्या सरांनी छान समजावलं. बारीक धाग्याला छोटा चुंबक टांगायचा, त्याला आरसा. आरशावर प्रकाशाची तिरीप पाडायची, ती परत येऊन एका फिरत्या ड्रमवर गुंडाळलेल्या फोटोपेपरवर पडते. चुंबक केसभर जरी हलला तरी कागदावर रेघ वर-खाली होते. आता डिजिटल उपकरणं आहेत, पण मला ती रेघच जास्त आवडली.

आता हे सगळं अलिबागला का आलं? मूळ वेधशाळा मुंबईतल्या कुलाब्याची, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये सुरू केलेली, पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'कुलाबा वेधशाळेत इतके मिलिमीटर पाऊस' असं ऐकतो ना, तीच. चुंबकीय नोंदी तिथे १८४१ पासून. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि रुळांतून जमिनीत जाणाऱ्या विजेमुळे रीडिंगची वाट लागणार हे उघड होतं. तेव्हा संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू केलं, पण कुलाबा लगेच बंद नाही केलं, दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक नेमका कळेल आणि जुनी मालिका तुटणार नाही. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मला ही दोन वर्षं फार मोठी वाटतात. नवी जागा मिळाल्यावर जुनी गुंडाळून टाकणं सोपं होतं, पण पुढच्या शंभर वर्षांत कोणीतरी हे आकडे वापरेल असा विचार करून त्या माणसाने दुप्पट काम केलं.

आणि वापरलेच. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावर एक प्रचंड झगमगाट दिसला, त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत सूर्याने फेकलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला आणि चुंबकीय वादळ उठलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, ऑपरेटरना शॉक बसले. आणि २ सप्टेंबरला सकाळी कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचं रीडिंग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक बारीक एकक) खाली कोसळलं. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेकमध्ये नऊ तास अंधार केला, ते सुमारे ५८९ नॅनोटेस्लाचं मोजलं जातं. दोन्ही आकडे अगदी एकाच पद्धतीने काढलेले नाहीत, पण अंदाज यायला पुरे. कुलाब्यात एरवी तासातासाने रीडिंग घ्यायचे, गडबड दिसली की दर पंधरा, कधी पाच मिनिटांनी. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी तिथे दुर्बिणीला डोळा लावून स्केल वाचत, आकडे लिहीत बसलं होतं. त्याच वहीवरून २००३ मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वादळाचा जोर काढला.

बाहेर पडल्यावर शहाळं पीत बसलो तेव्हा मी मामाला केरूनाना छत्र्यांचं सांगितलं. टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून नाव ऐकलेलं असतं, पण ते मूळचे नागावचे, म्हणजे अलिबागहून चौलला जाताना वाटेत लागतं तेच नागाव. जन्म १८२५ चा. पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा कुलाबा वेधशाळेत प्रोफेसर आर्लिबारांच्या हाताखाली लागला आणि दहा-अकरा वर्षं तिथे राहिला. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ त्याच वेधशाळेचं काम पाहिलंय. पुढे केरूनानांनी ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत आणली, पण वेध घ्यायला ते शिकले कुलाब्यात.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे आपला माणूस इथून कुलाब्याला गेला, आणि साठ वर्षांनी ते काम त्याच्या गावाजवळ आलं." आणि आलं तेही कुलाब्यातच, कारण १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबाच होतं, समोर समुद्रात किल्लाही कुलाबा.

संध्याकाळी चौलला जाताना मामाने नागावात मुद्दाम स्कूटर थांबवली. दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, कुणीतरी पाटाने पाणी सोडलं होतं. मामा पन्नास वर्षं याच रस्त्याने जातोय. एका वाडीतल्या आजोबांना त्याने थेट विचारलं, "केरूनाना छत्रे माहितीयेत का?" आजोबा म्हणाले, "हो तर, गणितवाले!" मग दोघं तिथेच कुंपणापाशी बोलत उभे राहिले, आणि घरी मामी जेवायला थांबली होती तिला फोन करायचं काम माझ्यावर आलं.