शनिवारचा पगार

सांगलीत हरिपूर रोडवरचा आमचा हळदीचा कारखाना लहानच. हळकुंडं पॉलिश करायचे दोन ड्रम, दळायचा एक पल्व्हरायझर, निवडणीचा ओटा आणि आज १९ माणसं. तो मी उभा केलेला नाही. अण्णांनी केला. मी तिथं ९ वर्षं हिशेब लिहीत होते. अण्णांची मुलं पुण्याला स्थायिक झाली, अण्णांचे गुडघे बोलायला लागले, आणि २०१८ च्या पाडव्याला त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. रक्कम हप्त्यानं फेडायची ठरली. त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हिशेब तोंडपाठ, माणसं ओळखीची. त्यामुळं जड जाईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

उलटून कुणीच बोललं नाही. काम सांगितलं की "होय ताई" म्हणायचे आणि अण्णा सांगायचे तसंच करायचे. काही नवीन काढलं की एकच प्रश्न यायचा, "अण्णांना विचारलंय का?" संध्याकाळी सुट्टी झाली की दोघं-तिघं नदीजवळच्या गावभागात अण्णांच्या घरी जायचे. ते मला फार लागायचं. एकदा ठरवूनच गेले, की अण्णांना सांगायचं, यांना आता इथं येऊ देऊ नका. दारातून बघितलं तर आमचे मुकादम मामा जमिनीवर बसून अण्णांच्या गुडघ्याला तेल चोळत होते. चहा घेतला आणि तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी निवडणीवरच्या मावशींना विचारलं, अण्णांचं एवढं काय आहे? त्यांनी पेवांची गोष्ट सांगितली. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. बरीचशी २००५ च्या पुरात गेली. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते, म्हणून तोंड उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. "सौद्याची घाई असली, व्यापारी दारात ओरडत असला, तरी अण्णा कंदील हातचा सोडायचे नाहीत," मावशी म्हणाल्या. "माझा मालक पेवात उतरायचा, ताई."

तोवर मी काय केलं होतं, तर शनिवारचा पगार बँकेत वळवला होता. अण्णा शनिवारी ओट्यावर बसून एकेकाच्या हातात पाकीट द्यायचे. ती पाकिटं मीच भरायची, पण आतल्या खोलीत बसून. देताना अण्णा काय बोलायचे ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मुलीचं बारावीचं काय झालं, म्हातारीचा मोतीबिंदू काढला का, घरावर पत्रा पडला का. बँकेत पैसे वेळेवर जात होते, त्यात खोट नव्हती. पण शनिवारी लोक डबा उचलून मुकाट्यानं घरी जायचे.

खरी वेळ आली २०१९ च्या हंगामात. मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. अण्णा हळकुंड कानाशी धरून मोडायचे. पक्कं वाळलेलं असलं की खणकन वाजतं, ओलं असलं की नुसतं वाकून तुटतं. एका लॉटला यंत्र ९ टक्के दाखवत होतं. मामा म्हणाले, "ताई, हा माल आत ओला आहे." मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि माल पाठवला. दीड महिन्यात पोती परत आली, आत बुरशी. नमुन्यात मी वरची बारीक हळकुंडं दळली होती. ती लवकर वाळतात. ओल होती जाड गड्ड्यांच्या, म्हणजे हळदीच्या मूळ कंदांच्या पोटात.

त्या शनिवारी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, नुकसान माझं आहे, कुणाच्याही पगारातून रुपया जाणार नाही, एवढंच बोलले. बोलताना आवाज फुटला, ते सगळ्यांनी बघितलं. मामा उठले, परत आलेल्या पोत्यातला एक जाड गड्डा घेतला, माझ्या कानाशी धरून मोडला. "हे ऐका. आता यंत्रात हाच घाला." आकडा १४ च्या पुढं गेला. तेव्हापासून आमच्याकडं आधी जाड गड्डा मोडतात, मग तोच दळून यंत्रात घालतात. पगार बँकेतच जातो, पण शनिवारी मी ओट्यावर बसते. पहिले काही शनिवार काय विचारावं तेच सुचत नव्हतं. मावशींनीच शिकवलं, कुणाच्या घरी काय चाललंय ते.

ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या भागात पाणी शिरायच्या आदल्या रात्री मामांचा फोन आला. "ताई, पाणी वाढतंय. पोती माळ्यावर चढवायला घेऊ का?"

मी म्हटलं, "पोती राहू द्यात. गावभागात अण्णांकडं कोण गेलंय?"

"दोघं गेलेत, ताई. खुर्चीसकट उचलून आणतो म्हणालेत."

"मग घ्या पोती. मी निघालेच."