सॅटेलाईटनं आमच्या बागेला पडीक ठरवलं

परवा भाची आलती तासगावला, एमएस्सी करतीय जॉग्रफीत. प्रोजेक्ट काय, तर सांगली जिल्ह्यातली जमीन तीस-पस्तीस वर्षांत कशी बदलली ते सॅटेलाईटच्या फोटोवरनं काढायचं. मी म्हटलं मग घरात बसून बघ की, उन्हात कशाला हिंडतीस? तर म्हणे मामा, फोटोत जे दिसतंय ते रानात जाऊन पडताळावं लागतं, ग्राउंड ट्रुथिंग म्हणतात.

लॅपटॉप उघडला तर सगळं लालभडक, मला वाटलं स्क्रीन गेली. पण पानं जो इन्फ्रारेड उजेड परत फेकतात तो आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याला लाल रंग देतात, त्यामुळं उसाचा सगळा पट्टा लाल. कृष्णाकाठी मधेच पांढरे चट्टे होते, ते मात्र मला कुणी सांगायची गरज पडली नाही, क्षारपड, उसाला पाणी पाजून पाजून मीठ फुटलेलं रान.

जुने फोटो लँडसॅट ह्या अमेरिकेच्या सॅटेलाईटचे, २००८ पासनं फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका तीस मीटर बाय तीस मीटर, म्हणजे हिशोब केला तर जवळजवळ नऊ गुंठे! आमच्या म्हाताऱ्यानं लगेच विचारलं, माझी विहीर दाव. कुठली दिसतीय. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाईटचा ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, ते मात्र आवडलं बघा, युरोपवाल्यांनी आपल्या सातबाऱ्याला धरूनच बनवल्यागत.

आणि मग तिचा नकाशा बघितला. ओढ्याकडची आमची द्राक्षाची बाग पिवळी. पिवळं म्हणजे पडीक. कर्ज काढून लावलेली बाग आणि पडीक? डोकंच फिरलं. मग फोटोची तारीख विचारली तर गेल्या वर्षीची २० ऑक्टोबर, आणि आमची छाटणी झालती १४ ला. अगं त्यावेळी पान नसतं गं झाडावर, नुसत्या काड्या आणि खाली उघडी माती, सॅटेलाईट बिचारं काय करणार. ती म्हणाली पावसाळ्यात ढगांमुळं फोटोच नीट मिळत नाही, म्हणून ऑक्टोबरचा घेतला. बरोबर आमच्या छाटणीच्या टायमाला.

म्हटलं जानेवारीचा बघ, हिरवीगार दिसंल, एप्रिलात खरड छाटणीला परत उघडी. उसाचं तसं नाही, तो तोडणी येईस्तोवर तसाच हिरवा. वर्षातनं दोनदा उघडं पडतंय ते रान द्राक्षाचं समज. पोरगी दोन मिनिटं गप्प, मग वही काढली आणि म्हणाली मामा, आणखी कुणाकुणाची छाटणी कधी झाली माहितीय तुम्हाला?

आता सगळ्या भावकीच्या तारखा मलाच तोंडपाठ. दिवस मावळेपर्यंत गाडीवर मागं बसून प्रत्येक बागेपाशी उतरायची, जीपीएस घ्यायची, तारीख लिहायची. पेट्रोल अर्थातच मामाचं.