तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळात संघ कसला?

चिपळूण असो, रत्नागिरी असो की सावंतवाडी, शाळांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेत मुलींना घेऊन आलेले पालक एक प्रश्न हमखास विचारतात. पटावर दोघीच समोरासमोर बसतात, शेजारच्या मैत्रिणीशी बोलायची सोय नाही, तिला मदत करायची नाही. मग हा संघ कसला? चार मुलींचे चार सुटे डावच ना?

तसं नाही. शेजारच्या तीन पटांवर काय चाललंय, त्यावर चौथीनं बरोबरी घ्यायची की लढत राहायचं हे ठरतं. बरोबरीचा अर्धा गुण इथे एकटीचा नसतो. महिला ऑलिंपियाडचा, म्हणजे देशांच्या महिला संघांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेचा, इतिहास बघितला तर तो सगळा या अर्ध्या गुणाभोवतीच फिरतो.

पहिलं महिला ऑलिंपियाड १९५७ साली नेदरलँड्समधल्या एमेन इथे झालं. २१ संघ होते आणि एका संघाचे पट फक्त दोन. सोव्हिएत संघ आणि रुमानिया यांचे शेवटी साडेदहा-साडेदहा असे समान गुण झाले आणि विजेतेपद सोव्हिएत संघाला मिळालं. विजेत्यांना मिळणारा चषक व्हेरा मेंचिक यांच्या नावाचा आहे. त्या १९२७ साली महिलांच्या पहिल्या जगज्जेत्या झाल्या आणि १९४४ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेल्या.

पुढे १९७६ मध्ये हैफाला पट तीन झाले. त्या वर्षी सोव्हिएत संघ आलाच नाही आणि यजमान इस्रायल जिंकला. तो अपवाद सोडला तर १९८६ पर्यंत प्रत्येक वेळी सोव्हिएत संघच, एकूण ११ विजेतेपदं. नोना गाप्रिंदाश्विली यांनी १९८६ च्या दुबईच्या स्पर्धेत १० पैकी १० डाव जिंकले, यावरून त्या संघाचा दरारा कळावा.

हा दरारा मोडला १९८८ मध्ये, ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला. हंगेरीच्या संघात पोल्गार बहिणी, झुझा, युदित आणि झोफिया, आणि त्यांच्यासोबत इल्दिको माद्ल. १४ फेऱ्या, तीन पट, म्हणजे एका संघाचे ४२ डाव. त्या काळी सामना कोण जिंकलं हे मोजत नसत. प्रत्येक डावाचा गुण थेट संघाच्या बेरजेत जाई. ४२ डावांनंतर हंगेरी ३३, सोव्हिएत संघ साडेबत्तीस. १२ वर्षांच्या युदितनं १३ डावांत १२ विजय आणि एक बरोबरी मिळवली होती. या पद्धतीत दुबळ्या संघाला नुसतं हरवून भागत नसे. तिन्ही डाव जिंकावे लागत, कारण तिथे सोडलेला अर्धा गुण शेवटच्या दिवशी हिशेबात समोर येई.

नंतर १९९२ ला स्वतंत्र जॉर्जिया आला, पाठोपाठ तीनदा जिंकला. १९९८ पासून सलग चार वेळा चीन.

खरा बदल २००८ चा, ड्रेस्डेनच्या ऑलिंपियाडचा. पट चार झाले, सोबत एक राखीव खेळाडू, ११ फेऱ्या, आणि सामना जिंकला तर २ गुण, बरोबरीत सुटला तर १. अडीच-दीड जिंका की चार-शून्य, गुण दोनच. सगळ्या पटांवर तुटून पडण्याची गरज संपली, पण कुठे थांबायचं हे कळणं जास्त मोलाचं झालं. मला हीच पद्धत जास्त सांघिक वाटते.

बुडापेस्टला २०२४ मध्ये भारतीय महिला सुवर्णपदक जिंकल्या, ते बघा. आठव्या फेरीत पोलंडकडून हार. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध वंतिका अग्रवालनं आयरिना क्रशला हरवलं म्हणून सामना दोन-दोनवर तरी राहिला. दहाव्या फेरीत समोर चीन. हरिका, वैशाली आणि वंतिका यांच्या पटांवर बरोबरी, आणि तिसऱ्या पटावर दिव्या देशमुखनं नी शीचुनवर विजय मिळवला. एकूण अडीच-दीड. त्या तीन बरोबऱ्यांतली एक जरी हार झाली असती तर दिव्याच्या विजयाचा एकच गुण संघाच्या वाट्याला आला असता. शेवटच्या फेरीआधी भारत आणि कझाकस्तान दोघांचे १७ गुण. आपण अझरबैजानला साडेतीन-अर्धा हरवलं, कझाकस्तानला अमेरिकेनं बरोबरीत रोखलं. १९ विरुद्ध १८.

याच्या उलट २०२२ चं मामल्लपुरम. शेवटच्या फेरीपर्यंत भारत पुढे, त्या संघात आपल्या गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती. पण शेवटी अमेरिकेकडून एक-तीन हार झाली आणि कांस्यपदक आलं. ते ऑलिंपियाडमधलं भारतीय महिलांचं पहिलं पदक होतं आणि आम्हाला त्याचं अप्रूप आजही आहे.

जोडीनं येणारा दुसरा प्रश्न: मुलींचं वेगळं का? ऑलिंपियाडचा दुसरा गट पुरुषांचा नसून खुला आहे. युदित पोल्गार हंगेरीच्या खुल्या संघातून खेळली आणि २००२ व २०१४ ला रौप्यपदक घेऊन गेली. वेगळ्या गटात उतरायचं तर देशाला मुलींचा अख्खा संघ तयार करावाच लागतो, हा फायदा मोठा आहे.

आता तुमच्या शाळेच्या संघापुरतं. पटक्रम, म्हणजे कोण कितव्या पटावर, पहिल्या फेरीआधी लेखी द्यावा लागतो आणि तो स्पर्धाभर बदलत नाही. दोन नंबरची मुलगी आजारी पडली तर राखीव मुलगी तिच्या जागी बसत नाही. तीन नंबरची दुसऱ्या पटावर सरकते, चार नंबरची तिसऱ्यावर, आणि राखीव चौथ्यावर. इथे चुकलं तर चुकीच्या पटावर बसलेल्या मुलींचे गुण जाऊ शकतात. पावसात घाट अडतो, एसटी रखडते, म्हणून राखीव मुलगी घरी ठेवू नका.

डाव चालू असताना संघासोबतच्या सरांनी किंवा बाईंनी पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मुलीनं ‘बरोबरी घेऊ का?’ विचारलं तर पंचांसमोर ‘घे’ किंवा ‘नको’, एवढंच. त्यासाठी बाकीच्या तीन पटांचा अंदाज त्यांना हवा, म्हणून त्यांनी एकाच मुलीच्या मागे उभं राहू नये.

सगळ्यात जास्त घोळ निकालपत्रकात होतो. पहिलं नाव असलेल्या संघाकडे १ आणि ३ नंबरच्या पटावर पांढरी मोहरी असतात, २ आणि ४ वर काळी. मुली सवयीनं पांढऱ्याचा निकाल आधी लिहितात: १-०, ०-१, १-०, ०-१. तशीच बेरीज केली तर चारही डाव जिंकलेल्या संघाचा सामना दोन-दोन दिसतो. निकाल संघाच्या क्रमानं लिहा, चारही ओळी बोट ठेवून तपासा आणि मगच सही करा. पुढच्या फेरीच्या जोड्या लागून डाव सुरू झाले की त्या सहसा मोडत नाहीत.