बारोलो २०१६, बाटली दुसरी: दहा तास हवा देऊनही तुरट

शनिवारी रात्री बारोलोची, म्हणजे इटलीतल्या नेब्बिओलो द्राक्षाच्या लाल वाइनची, दुसरी बाटलीही हट्टालाच पेटली, तेव्हा चिडून एक लांबलचक नोंद लिहिली होती. रविवारी दुपारी सगळंच पालटलं. ती नोंद पुसून ही नव्याने लिहितोय.

मागचं आठवत असेल. बार्तोलो मास्कारेल्लो घराण्याच्या २०१६च्या तीन बाटल्या माझ्या तोरिनोतल्या इमारतीच्या तळघरात होत्या. पहिली नोव्हेंबरात उघडली. चार तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात ते रुंद काचेचं भांडं) ठेवली, तरी एका घोटात तोंड कोरडं पडलं, कात जास्त झालेला विडा खाल्ल्यासारखं. तुमच्यापैकी बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: "अजून हवा दे." मलाही ते पटलं.

म्हणून शनिवारी सकाळी ९ वाजताच दुसरी डिकँटरमध्ये ओतली. हीटरच्या उबेत वाइन बिघडायला नको म्हणून डिकँटर तळघरातच ठेवला. संध्याकाळी ७ वाजता वर आणला. वास काय खुलला होता! सुकलेल्या गुलाबपाकळ्या, आंबट चेरी, मागून डांबर आणि अगदी शेवटी ज्येष्ठमध. ग्लासात नाक घालून मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटली. रात्री ११पर्यंत फळाची चव ओसरत गेली, तुरटपणा मात्र जागचा हलला नाही. हवेने जे जायला नको ते नेलं आणि जे जायला हवं ते ठेवलं. झोप लागली नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून चाललो होतो. डिकँटरमधल्या काही तासांत हवा मुख्यतः वासावर काम करते. कोंडलेले वास उडून जातात, दबलेले वर येतात. तुरटपणाचं गणित निराळं आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालींतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. टॅनिन स्वतः मऊ व्हायला बाटलीत वर्षं जावी लागतात. त्याला सकाळी ९ काय आणि दुपारी ३ काय.

त्यातून ही नेब्बिओलो. रंग इतका फिका की नवख्याला वाटावं, हलकी असेल. पण टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. ती उशिरा पिकते, बारोलो जिथे होते त्या लांगेच्या टेकड्यांवर धुकं उतरायला लागतं तेव्हा, ऑक्टोबरात. २०१६चा हंगाम लांब आणि सौम्य गेला, त्यामुळे त्या सालच्या वाइनचा सांगाडा भक्कम आहे. मास्कारेल्लोंकडे द्राक्षं सिमेंटच्या टाक्यांत आपल्याच यीस्टवर आंबतात, रस सालींबरोबर कित्येक आठवडे राहतो आणि मग मोठ्या जुन्या ओकच्या पिंपांत जातो. नव्या छोट्या पिंपांचा व्हॅनिलाचा गोडवा इथे नाही. बारोलोच्या भागात अनेक जण २२५ लिटरच्या फ्रेंच बारिककडे, म्हणजे याच छोट्या पिंपांकडे, वळले तेव्हा बार्तोलो ठाम विरोधात उभे राहिले, लेबलंसुद्धा हाताने रंगवून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. २००५मध्ये ते गेले. आता कन्या मारिया तेरेसा त्याच रीतीने करतात: कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि ला मोर्रातल्या रोक्के या मळ्यांची द्राक्षं एकत्र, एकच बारोलो. एकेका मळ्याच्या नावाने बाटल्या काढण्याच्या या दिवसांत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. वासातले इतके पदर एका उतारावरून आले नसते.

आता रविवार. उरलेली वाइन मी रात्रीच ३७५ मिलीच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली होती. (ही छोटी बाटली आणि वीस युरोंचा थर्मामीटर एवढ्यावर माझं महागड्या एअरेटरपेक्षा, म्हणजे ओततानाच वाइनला हवा देणाऱ्या यंत्रापेक्षा, जास्त काम झालं आहे. एअरेटर कुणाला हवा असेल तर सांगा.) तळमजल्यावरच्या सिन्योरा (बाई) मूळच्या लांगेच्या. त्यांना शनिवारची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि जेवायला काय केलं होतंत?"

काहीच केलं नव्हतं. चव नीट कळावी म्हणून दोन्ही वेळा मी रिकाम्या पोटी चाखत होतो. आणि तळघर? थर्मामीटर लावला, ११ अंश!

मग तीन ग्लास मांडले: १२, १७ आणि २१ अंश. वाइन एकच. १२ला तोच कात. २१ला अल्कोहोल नाकात शिरलं आणि गुलाब दबला. १७ला तुरटपणा होता, पण गोल झालेला, आणि त्याच्याआड लपलेली चेरी पुढे आली. मग ताजारिन (अंड्याच्या पिवळ्याच्या बारीक शेवया) उकडले, भरपूर लोण्यात परतले, वर चीज किसलं. एक घास, एक घोट. टॅनिनला धरायला आता ताटातली प्रथिनं होती, माझी लाळ सुटली. पुढच्या घोटाआधी तोंड स्वच्छ, हलकं. तिसऱ्या घासाला मी काटा खाली ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिलो. अडीच महिने ज्याच्या मागे होतो ते हेच.

तिसरी बाटली येत्या नाताळात उघडायची ठरली होती. रद्द. ती निदान २०३०पर्यंत झोपेल. कोराविनची (बूच न काढता वाइन काढायच्या यंत्राची) सुई घालून एक ग्लास काढावा असं काल वाटलं होतं, पण इतकी वर्षं ठेवायच्या बाटलीच्या बुचाला मी भोक पाडणार नाही. आणि यापुढे खरेदी फक्त आल्बातल्या माझ्या नेहमीच्या दुकानातून. एका ऑनलाइन विक्रेत्याने जुलैच्या उन्हात पाठवलेल्या दोन बाटल्यांची बुचं वर सरकून आली होती आणि गळ्याशी वाइन पाझरली होती.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. लोणी आणि अंड्याचं पिवळं जे करतं ते पांढरा रस्सा का करणार नाही? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस: प्रथिनंही आहेत, स्निग्धताही. तांबड्याबरोबर मागे करून पाहिलं होतं, तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकले. पांढऱ्यात मिरी बेताची ठेवता येते. यासाठी बारोलो नको, त्याच द्राक्षाची साधी लांगे नेब्बिओलो पुरे. दोन ग्लास, १५ आणि १७ अंश. शनिवारी पोर्ता पालात्सोच्या बाजारात नारळ आणि मटण बघतो. कोल्हापूरकरांनी खसखशीचं प्रमाण तेवढं शुक्रवारपर्यंत कळवावं.